सीताबर्डीवर लढलेल्या गोऱ्याचा वंशज घरी येणार असेल तर

‘पूर्वज १८१७ साली ईस्ट इंडिया कंपनीकडून सीताबर्डीवर लढला, ती जागा पाहायची आहे,’ अशी मेल इंग्लंडहून आली की आधी तारीख ठरवा. नागपुरातला सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. लोकांसाठी तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतो. मे महिन्यात नागपुरात कुणाला बोलावणं म्हणजे त्या लढाईचा सूड घेणंच, तेव्हा जानेवारी बरा. परदेशी पासपोर्टवर आत सोडतीलच असं धरून चालू नका, आधी विचारून घ्या. नाही म्हणाले तर जवळच्या टेकडी गणपतीच्या देवळात न्या.

पाहुणा घरी उतरणार असेल तर २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते, सगळे ज्याला सी-फॉर्म म्हणतात ती. पासपोर्ट-व्हिसाचे फोटो पहिल्या चहालाच काढून घ्या.

पहिल्या दिवशी झणझणीत सावजी जेवण नको, दुसरा दिवस वाया जाईल. तर्री पोहे द्या, पण तर्री (हरभऱ्याचा तिखट रस्सा) वेगळ्या वाटीत. चौघांना ३ वाट्या जाड पोहे, तर्रीला १ वाटी काळे हरभरे रात्रभर भिजवून. पोहे चाळणीत धुवून १० मिनिटं निथळू द्या. पाण्यात बुडवून ठेवले की लगदा. वरून सांबार (म्हणजे कोथिंबीर, हे सोबतच्या पुणेकरालाही सांगावं लागतं).

आजचा किल्ला लढाईनंतरचा, हे निघण्यापूर्वीच सांगा. नाहीतर पाहुणा पूर्वज लढला ती भिंत शोधत बसतो. दोन्ही टेकड्या दाखवा. २७ नोव्हेंबरला नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसल्यांच्या अरब सैनिकांनी धाकटी टेकडी घेतली, कंपनीने ती परत जिंकली. कंपनीकडेही बहुतेक देशी शिपाईच होते, त्यामुळे ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ जपून वापरा.

मध्येच तो माफी मागेल. ‘सोडा हो, जुनं झालं’ म्हणालात की बोलणं तिथेच खुंटतं. पूर्वज कुठल्या पलटणीत होता, त्याची पत्रं आहेत का, ते विचारा. पुढे काय झालं असं त्याने विचारलं तर न गाळता सांगा: १८५३ साली नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, राज्य खालसा झालं, भोसल्यांचे दागिनेसुद्धा लिलावात गेले.

फुलं नेताना दोन पुड्या न्या. किल्ल्यात लढाईत पडलेल्या सैनिकांच्या कबरी आहेत, आणि १८५७ साली फाशी गेलेले नवाब कादर अली व त्यांच्या साथीदारांचं स्मारकही तिथेच आहे. एकच पुडी नेली की दुसऱ्या ठिकाणी दोघंही रिकाम्या हाताने उभे.