रूसोचं ‘द ड्रीम’ पाहताना या चुका टाळा

फ्रेंच चित्रकार आँरी रूसोचं ‘द ड्रीम’ (१९१०) हे चित्र न्यू यॉर्कच्या ‘मोमा’ संग्रहालयात आहे. सुमारे तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. दाट झाडी, सिंह, हत्ती, वाद्य वाजवणारा माणूस आणि डावीकडे कोचावर पहुडलेली विवस्त्र स्त्री. बहुतेकांची नजर तिच्यावर जाते आणि तिथेच अडकते. तसं होऊ देऊ नका, आधी झाडं बघा.

हे खरं जंगल समजून पानांच्या जाती ओळखत बसणंही व्यर्थ आहे. रूसो फ्रान्सबाहेर कधी गेलाच नाही. पॅरिसच्या जकात नाक्यावर नोकरी केलेल्या या माणसाने परदेशी झाडं पाहिली ती तिथल्या ‘जार्दां दे प्लांत’ या वनस्पती उद्यानातल्या काचघरांत. पानांचे आकार त्याने मनाला येतील तसे वाढवले.

सगळ्यात मोठी गफलत होते ती प्रकाशाबाबत. आभाळात पूर्ण चंद्र आहे, म्हणजे रात्र. मग फुलं इतकी लख्ख कशी? लगेच शेरा मारला जातो, ‘याला छायाप्रकाश जमत नव्हता.’ चंद्र अंगठ्याने झाकून बघा. चित्रातला उजेड तसूभरही कमी होत नाही, कारण तो पानापानांत आहे. काळपट हिरव्या पानाला चिकटून पोपटी पान, त्यामागे शेवाळी, प्रत्येकाची कड धारदार. फिकट पान गडद पानावर आलं की आपोआप पुढे सरकतं. पडलेल्या सावल्यांचा आधार जवळजवळ न घेता, नुसत्या रंगांच्या शेजारातून त्याने खोली उभी केली आहे. मला तरी ही फार विचारी कारागिरी वाटते.

म्हणून ‘सगळं हिरवंच तर आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. एक छोटा कोपरा निवडा आणि त्यातल्या हिरव्या छटा मोजा. मग डोळे किलकिले करून मधल्या वादकाकडे बघा. त्याचं गडद अंग झाडीत विरून जातं, पण कमरेचं रंगीत पट्ट्यांचं वस्त्र त्याला बाहेर खेचतं. गुलाबी कमळांचंही तेच: भोवतीच्या हिरव्यामुळे ती जास्त गुलाबी दिसतात.

चित्र फोनवर बघणार असाल, तर नाइट मोड आधी बंद करा. पडद्यावर पिवळी झाक आली की निळसर हिरवा आणि पिवळसर हिरवा यांतला फरक बुजतो. झूमही शेवटी करा, आधी पूर्ण चित्र.