वेबपेजवर यादी कशी करावी

एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपेज लिहिण्याच्या भाषेत, यादी करण्याआधी एवढंच ठरवा: मुद्दे वरखाली केले तर अर्थ बिघडतो का? बिघडत असेल तर 'ओएल' हा टॅग (मजकूर काय आहे ते ब्राउझरला सांगणारी खूण) वापरा, नसेल तर 'यूएल'. ठिपके हवेत की आकडे, यावरून टॅग निवडू नका. दिसणं नंतर सीएसएसने, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेने, हवं तसं बदलता येतं.

(टॅगची आणि कोडमधली इतर नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत आणि आकडे इंग्रजीत टाइप करा.)

१. आधी यूएल उघडा आणि लगेच बंदही करून टाका, म्हणजे शेवटचा टॅग राहून जात नाही. मग आत प्रत्येक मुद्दा स्वतंत्र 'एलआय'मध्ये लिहा.

हायफन टाइप करून आणि बीआर (नवी ओळ सुरू करणारा टॅग) टाकून यादीचा देखावा उभा करू नका. डोळ्यांना ती यादी वाटेलही, पण स्क्रीन रीडरला (पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) यादी सुरू झाली, त्यात किती मुद्दे आहेत, हे कळत नाही.

२. ओएलमध्ये आकडे आपोआप पडतात. पाचपासून सुरुवात हवी तर ओएलच्या उघडणाऱ्या टॅगमध्ये 'स्टार्ट'ला ५ द्या. उलटी मोजणी हवी तर तिथेच 'रिव्हर्स्ड' लिहा. १, २, ३ असे मराठी आकडे हवेत? सीएसएसमध्ये 'लिस्ट-स्टाइल-टाइप'ला 'देवनागरी' ही व्हॅल्यू द्या, झालं.

३. यादीत यादी घालताना बहुतेकांचं इथेच चुकतं. आतली यादी एलआयच्या पोटात हवी:

<ओएल>
  <एलआय>फाइल तयार करा
    <यूएल>
      <एलआय>नाव द्या</एलआय>
      <एलआय>सेव्ह करा</एलआय>
    </यूएल>
  </एलआय>
  <एलआय>ब्राउझरमध्ये उघडा</एलआय>
</ओएल>

'फाइल तयार करा'चा एलआय आतली यादी संपल्यावरच बंद झालाय, ते बघा. तो आधीच बंद केला तर आतला यूएल थेट ओएलमध्ये पडतो, आणि ते नियमात बसत नाही. ब्राउझर मात्र काही न बोलता सगळं नीट दाखवतो, म्हणून चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरमधून (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनातून) पान एकदा तपासून घ्या.

४. संज्ञा आणि तिचं स्पष्टीकरण अशा जोड्या असतील तर 'डीएल' वापरा. संज्ञेला 'डीटी', स्पष्टीकरणाला 'डीडी'.

५. डावीकडची मोकळी जागा खटकत असेल तर ते ब्राउझरने स्वतःहून दिलेलं ४० पिक्सेलचं पॅडिंग असतं. सीएसएसने कमी करा. ठिपके 'लिस्ट-स्टाइल: नन'ने जातात. पण मग सफारीत व्हॉइसओव्हर (ॲपलचा स्क्रीन रीडर) तिला यादी म्हणायचंच सोडून देऊ शकतो, तेव्हा अशा यूएलच्या उघडणाऱ्या टॅगमध्ये 'रोल'ला 'लिस्ट' ही व्हॅल्यू देऊन ठेवा.