कुत्रा सारखा पाय चाटतोय? आधी बोटांची बेचकी उघडून बघा

कुत्र्याच्या लाळेत औषध असतं, चाटू दे, आपोआप बरं होईल, असं आमच्या घरी सगळेच म्हणायचे. मीही तेच मानत होते. आमची चिंगी गावठी, काटक, तिला कधी काही होत नाही अशी समजूत. एका ऑक्टोबरात ती पुढचा उजवा पाय चाटायला लागली. दोन दिवस आम्ही चाटू दिलं. तिसऱ्या दिवशी दोन बोटांच्या बेचकीत बोराएवढा लालबुंद फुगवटा, आणि ती पाय टेकवेना. डॉक्टरांनी तो उघडला तेव्हा आतून कुसळ निघालं. टेकडीवरच्या वाळलेल्या गवताचं साधं कुसळ. त्याच्या टोकाशी मागे वळलेली बारीक लव असते, म्हणून एकदा कातडीत शिरलं की ते मागे येत नाही, चालताना पुढेच सरकत जातं. चाटून ते कधीच निघालं नसतं.

लाळेत जंतूंना रोखणारे थोडे घटक असतात, हे खरं. पण तोंडात जंतूही भरपूर असतात, जीभ खरखरीत असते, आणि सतत ओली राहिलेली बेचकी म्हणजे बुरशीला आयतं घर. पावसाळ्यात आपल्या पायांना चिखल्या होतात ना, तसंच. ओल राहिली की बुरशी, बुरशी आली की खाज, खाज आली की पुन्हा चाटणं. हे चक्र तोडल्याशिवाय कुठलंही मलम उपयोगाचं नाही.

एक पाय की सगळे?

औषध शोधण्याआधी एवढंच ठरवा. कुत्रा एकच पाय चाटत असेल तर बहुतेक वेळा तिथे काहीतरी रुतलंय, कापलंय, नख तुटलंय किंवा गोचीड बसलीय. दोन्ही पुढचे किंवा चारही पाय चाटत असेल तर ॲलर्जी, बुरशी, कातडीतले माइट्स (डोळ्यांना सहज न दिसणारे बारीक किडे) किंवा पायाखाली येणारं काहीतरी झोंबतंय असं समजा. त्यात कानही लाल असतील, कानाला वास येत असेल, तर ॲलर्जीचा संशय आणखी पक्का. पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या कुत्र्याच्या पंजावरचे केस तांबूस झाले असतील, तर तो लाळेचा डाग आहे. म्हणजे चाटणं आजचं नाही, बरेच दिवस चाललंय.

पंजा नीट बघा

खिडकीपाशी बसा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि घरातल्या कुणालातरी कुत्र्याचं डोकं कुरवाळत धरायला सांगा. दुखऱ्या जागी हात लागला की घरचा, जीव लावलेला कुत्राही चावू शकतो. तो गुरगुरला की थांबा. चावलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली आहे म्हणून टाळू नका.

आधी पंजाखालच्या मऊ गाद्या बघा: चीर, फोड, काच, बाभळीचा काटा. मग एकेक बोट हलकेच फाकवून बेचकी वरून आणि खालून, दोन्हीकडून बघा. गोचिडी नेमक्या इथेच लपतात. मग नखं. आतल्या बाजूला थोडं वर अंगठ्याचं नख असतं, ते जमिनीला घासत नाही, त्यामुळे वाढत वाढत गोल वळून स्वतःच्याच मांसात रुततं. केसाळ कुत्र्यांमध्ये ते दिसतही नाही, बोटाने चाचपावं लागतं. शेवटी पंजाचा वास घ्या. आंबूस, कुबट वास आणि बेचकीत तपकिरी चिकटा असेल तर बुरशीची शक्यता मोठी.

काटा किंवा गोचीड वर दिसत असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. गोचीड पिळू नका, तिच्यावर रॉकेल किंवा काडीपेटी तर नकोच. पण काटा आत गेलेला असेल, नुसतं भोक दिसत असेल आणि त्यातून पाणी किंवा पू येत असेल, तर घरी उकरू नका.

धुणं आणि त्याहून महत्त्वाचं, कोरडं करणं

घरात पोविडोन आयोडीनची बाटली असतेच. त्यातलं द्रावण घ्या, फेस होणारं स्क्रब नको. घमेल्यात पंजा बुडेल इतकं कोमट पाणी घ्या आणि फिक्या चहाचा रंग येईपर्यंत थोडं थोडं औषध घाला. पंजा ३ ते ५ मिनिटं बुडवून ठेवा, बोटांमध्ये हाताने पाणी खेळवा. त्या वेळात त्याला पाणी चाटू देऊ नका. हे औषध नसेल तर अर्धा लिटर कोमट पाण्यात चमचाभर मीठही चालतं, मात्र उघड्या जखमेला ते झोंबतं. दिवसातून दोनदा पुरे.

आता सुती फडकं घेऊन प्रत्येक बेचकी टिपून काढा. घासायचं नाही, टिपायचं. बहुतेक लोक पंजा वरून पुसतात आणि बेचकी ओलीच राहते, मग धुण्याने फायद्याऐवजी तोटाच होतो. मला तर दोन्हीपैकी एकच करायला वेळ असेल तर मी कोरडं करणं निवडीन. पॉमसारख्या केसाळ कुत्र्यांच्या गाद्यांमध्ये केसांचा थरच तयार होतो. ते केस बोथट टोकाच्या कात्रीने गादीच्या पातळीपर्यंत कापा.

चाटणं थांबवणं

इथे मन घट्ट करावं लागतं. गळ्यात घालायचा प्लॅस्टिकचा कोन, दुकानात ई-कॉलर म्हणून मागा, हाच खरा उपाय. घातल्यावर त्याची कड नाकाच्या टोकाच्या थोडी पुढे यायला हवी. कोन आखूड असेल तर कुत्रा मान वाकवून मागचा पाय आरामात गाठतो. गळ्याशी दोन बोटं सहज जातील इतका सैल ठेवा. फुगवायची गोल उशीसारखी कॉलर मिळते, ती दिसायला मऊ, पण पंजा तिच्यातूनही तोंडात येतो.

पहिले काही तास तो दारांना धडकेल, केविलवाणा बघेल. चिंगी दोन तास एका कोपऱ्यात पुतळ्यासारखी उभी होती. तिच्याकडे बघून मला राहवलं नाही, कोन काढला, आणि तेवढ्या दहा मिनिटांत तिने जखम पुन्हा रक्ताळून टाकली. म्हणून रात्रीही ठेवा, कारण रात्री चाटण्याचा जोर वाढू शकतो. खाण्याचं भांडं पाटावर किंवा उलट्या डब्यावर उंच ठेवलं की जेवण जमतं.

मोजा घालायचा असेल तर सुती घ्या आणि तुमची नजर असेल तेवढाच वेळ. कुत्र्याला घाम गाद्यांतून येतो, त्यामुळे दिवसभर मोज्यात पंजा ओला राहतो. रबरबँड किंवा दोरा कधीही बांधू नका, बोटांचं रक्त अडतं. बँडेज शक्यतो डॉक्टरांकडूनच बांधून घ्या. मधल्या दोन बोटांची नखं बाहेर दिसली पाहिजेत. ती एकमेकांपासून फाकलेली दिसली तर सूज आलीय, लगेच सोडा.

काय लावू नये

फिनाईल, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, टर्पेंटाइन, टी ट्री ऑइल, कापूर, यातलं काही नाही. हळदीने जखम झाकली जाते आणि आत काय चाललंय ते कळत नाही. झिंक असलेली मलमं चाटून पोटात गेली की विषारी. आणि हात जोडून सांगते, माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड, आतडी निकामी होऊ शकतात. 'अर्धीच दिली' म्हणूनही नको.

डॉक्टरांकडे कधी

पाय टेकवत नाही, पंजा सुजलाय, पू येतोय, १० मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबत नाही, जखमेत किडे पडलेत, तर त्याच दिवशी. बाकी वेळी, दोन दिवस हे सगळं करून फरक नसेल तर. चारही पाय चाटणाऱ्या कुत्र्याची कातडी खरवडून तपासणी करावी लागते, ती घरी होत नाही. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गुराढोरांचा नसतो, तिथे कुत्रीही तपासतात. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, जुनी माणसं ज्याला बैलघोडा म्हणतात.

पुन्हा होऊ नये म्हणून

फरशी पुसायचं औषध आधी तपासा. फिनाईल घातलेल्या ओल्या फरशीवर कुत्रा चालतो आणि मग तेच पाय चाटतो. त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा आणि फरशी साध्या पाण्याने पुन्हा पुसून वाळू द्या. उन्हाळ्यात डांबरावर हाताची उलटी बाजू ठेवा. ७ सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या गाद्या भाजणार. फिरवणं सूर्य उगवायच्या आसपास उरका. भाजल्याच तर १० मिनिटं नळाचं पाणी सोडा, बर्फ नको. पावसाळा संपून गवत वाळलं की डिसेंबरपर्यंत टेकडीवरून आल्यावर रोज बेचक्या तपासा. आमच्या दाराशी खिळ्याला जुन्या धोतराचा तुकडा टांगलेला असतो. चिंगी आता उंबऱ्यावरच थांबते आणि उजवा पाय आपणहून पुढे करते.