फॉक्स-बॉडी मस्टँगचे मागचे हाउसिंग सुधारताना या चुका टाळा

फोर्डने १९७९ ते १९९३ या काळात बनवलेली मस्टँग अमेरिकेत ‘फॉक्स-बॉडी’ या नावाने ओळखली जाते. पाच लिटरचे व्ही-आठ इंजिन, हलकी बॉडी आणि अजूनही सहज मिळणारे सुटे भाग यांमुळे, नोकरीनिमित्त इकडे आलेल्या आणि सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये रमणाऱ्या आपल्या मंडळींपैकी काही जणांना या गाडीची ओढ लागते, आणि मी त्यांपैकीच एक आहे. इंजिनाची ताकद कशी वाढवावी याबद्दल भरपूर बोलले जाते. पण ती ताकद चाकांपर्यंत नेणारे मागचे हाउसिंग, म्हणजे क्राउन-पिनियन (ताकद चाकांकडे वळवणारे मोठे दातेरी चक्र आणि त्यात अडकणारे लहान चक्र), डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग), दोन ॲक्सल (चाके फिरवणारे दांडे) आणि त्यांच्या नळ्या, हे मात्र उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या शनिवारी उरकायचे काम समजले जाते. मी स्वतःची आणि मित्रांची मिळून जेवढी हाउसिंग उघडली, त्यांत भाग कमकुवत होता म्हणून झालेले नुकसान थोडे होते आणि न मोजता बसवल्यामुळे झालेले नुकसान जास्त होते.

आपल्याकडे काय आहे हे न पाहता खरेदी करणे

पाच लिटरच्या मस्टँगला ८.८ इंची हाउसिंग १९८६ पासून मिळाले. त्याआधीच्या आणि चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत ७.५ इंची हाउसिंग असते. हे आकडे क्राउनच्या व्यासाचे आहेत. झाकणाच्या बोल्टाखाली धातूची एक छोटी पट्टी अडकवलेली असते आणि तिच्यावर ‘३एल७३’ अशा पद्धतीचा आकडा असतो. त्यातला ‘एल’ लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एकच चाक मोकळे घसरू न देणारे डिफरन्शियल, दाखवतो. मात्र तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीत या पट्टीवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण मधल्या कोणा मालकाने क्राउन-पिनियन बदललेले असले तरी पट्टी जुनीच राहते. झाकण उघडावे आणि दात मोजावेत: क्राउनला ४१ आणि पिनियनला १५ असतील तर गुणोत्तर, म्हणजे क्राउनच्या एका फेरीमागे पिनियनच्या फेऱ्या, २.७३, आणि ४१ आणि ११ असतील तर ३.७३.

दुसरी चूक म्हणजे डोळे झाकून नऊ इंची हाउसिंगच्या मागे लागणे. फोर्डचे नऊ इंची हाउसिंग १९५७ मध्ये आले, १९८६ पर्यंत बनत राहिले आणि त्याची मजबुती वादातीत आहे. त्याच्या पिनियनला मागच्या टोकालाही बेअरिंगचा आधार असतो आणि क्राउन-पिनियनचा पूर्ण संच पुढून बाहेर काढता येतो. परंतु त्यातले पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून ८.८ इंचीपेक्षा बरेच खाली असते, त्यामुळे दात एकमेकांवर जास्त घासतात आणि ताकदीचा थोडा अधिक भाग उष्णतेत जातो. शिवाय वजनही वाढते. रोज रस्त्यावर चालणाऱ्या, साध्या टायरांच्या आणि साडेतीनशे-चारशे अश्वशक्तीच्या गाडीला नीट बांधलेले ८.८ इंची हाउसिंग पुरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाउसिंगवर नेमका किती भार येतो, हे एका हिशोबाने कळते. १९८७ ते १९९२ मधल्या पाच लिटर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, ३०० पाउंड-फूट आहे आणि पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.३५ आहे. मागे २.७३ असेल तर दोन्ही ॲक्सलांवर मिळून सुमारे २,७४० पाउंड-फूट टॉर्क येतो, तेच ३.७३ बसवले की तो सुमारे ३,७५० होतो. गुळगुळीत टायर घसरून हा भार सोडून देतात, पण चिकट टायर सोडत नाहीत, म्हणूनच कित्येक जुने २८ स्प्लाइनचे (टोकाला २८ खाचा असलेले) ॲक्सल इंजिन वाढवल्यावर नव्हे, तर टायर बदलल्यावर पिळवटून तुटतात.

येथे ३१ स्प्लाइनचे ॲक्सल घेणे योग्य ठरते, पण केवळ ॲक्सल मागवून चालत नाही. ते ३१ स्प्लाइनच्या डिफरन्शियलमध्येच बसतात, त्यामुळे दोन्हींचा खर्च एकत्र धरावा. १९९५ ते २००१ मधल्या फोर्ड एक्सप्लोररखालचे ८.८ इंची हाउसिंग ३१ स्प्लाइन, जाड नळ्या आणि डिस्क ब्रेक यांसह भंगाराच्या यार्डात मिळते, आणि ते पाहून अनेकांचा गोंधळ होतो. ते कमानपाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीसाठी बनलेले आहे. मस्टँगचे वरचे दोन आर्म, म्हणजे हाउसिंगला बॉडीशी जोडणारे दांडे, जिथे जोडायचे ते ओतीव कान त्यावर नसतात, आणि पिनियनही मध्यावर नसून उजवीकडे सुमारे दोन इंच सरकलेले असते. साठच्या दशकातल्या कमानपाट्यांच्या मस्टँगसाठी ते उत्तम आहे. फॉक्स-बॉडीसाठी मात्र आपलेच हाउसिंग सुधारणे शहाणपणाचे आहे. त्याचप्रमाणे १९९४ ते १९९८ च्या मस्टँगचे पाच बोल्टचे ॲक्सल या हाउसिंगमध्ये जातात, पण ते प्रत्येक बाजूला पाऊण इंच लांब असतात, म्हणून रिम निवडण्याआधी मडगार्डच्या आतली जागा मोजावी.

गुणोत्तर ऐकीव माहितीवर ठरवणे

मित्राने ४.१० बसवले म्हणून आपणही ४.१० बसवावे, असे करू नये. २२५/५५ आर १६ टायर, पाचवा गिअर ०.६८ आणि ताशी ७० मैल वेग धरला, तर इंजिन २.७३ वर सुमारे १,७०० फेऱ्यांवर चालते, ३.७३ वर सुमारे २,३०० वर आणि ४.१० वर सुमारे २,५५० वर. ज्याला रोज हायवेवरून तासभर कामाला जायचे आहे, त्याला हा फरक कानाला आणि खिशाला जाणवतो. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: गुणोत्तर वाढते तसे पिनियनचे दात कमी होतात आणि पिनियन बारीक होत जाते. २.७३ च्या पिनियनला १५ दात असतात, तर ४.१० च्या पिनियनला १०. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून फिरते, त्यामुळे तिथला प्लॅस्टिकचा छोटा गिअर बदलला नाही तर २.७३ वरून ३.७३ वर गेल्यावर काटा साधारण ३७ टक्के जास्त वेग दाखवतो.

क्राउन-पिनियन ‘अंदाजाने’ बसवणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे. पिनियनची खोली, पिनियनच्या बेअरिंगचा ताण, बॅकलॅश म्हणजे दातांमधली मोकळीक, आणि डिफरन्शियलच्या दोन बेअरिंगांचा ताण ही चार मापे एकमेकांत गुंतलेली असतात, आणि एक बदलले की बाकीची पुन्हा तपासावी लागतात. उघडण्यापूर्वी बेअरिंगच्या दोन्ही कॅपांवर ठोकून खुणा कराव्यात, कारण त्या हाउसिंगसोबतच कापलेल्या असतात आणि डावी-उजवी किंवा उलटसुलट बसली तर बेअरिंग गोल राहत नाही.

पिनियनच्या डोक्याखालची जुनी शिम, म्हणजे अंतर जुळवणारी पातळ चकती, सुरुवात करायला चालते, पण ती बरोबर आहे हे गृहीत धरू नये. जुन्या बेअरिंगचा आतला घेर थोडा घासून ते हाताने चढेल-उतरेल असे केले, तर दर वेळी प्रेस न लावता शिम बदलून पाहता येते. मग क्राउनच्या आठ-दहा दातांना खूण उमटवणारा पिवळा लेप पातळ लावावा, क्राउनला लाकडी फळीने दाब द्यावा आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवावे. लेप जिथे पुसला जातो, तो ठसा दाताच्या उंचीच्या मध्यभागी हवा. ठसा मुळाकडे गेला असेल तर पिनियन फार आत आहे आणि शिम पातळ करावी. ठसा दाताच्या वरच्या कडेकडे असेल तर शिम जाड करावी. ठसा दाताच्या लांबीत आत-बाहेर सरकला असेल, तर बहुतेक वेळा बॅकलॅशकडे पाहावे लागते. ज्यांनी आधी नऊ इंची हाउसिंग बांधले आहे त्यांनी इथे सावध राहावे, कारण तिथे शिम पिनियनच्या घराखाली बसते आणि जाड शिमने पिनियन क्राउनपासून दूर जाते, म्हणजे ८.८ च्या नेमके उलट.

८.८ साठी बॅकलॅश ०.००८ ते ०.०१५ इंच असावा, आणि तो क्राउनच्या तीन-चार ठिकाणी डायल गेजने मोजावा. एकाच ठिकाणी मोजून समाधान मानले, तर क्राउनखाली अडकलेला धातूचा कण किंवा कसताना राहिलेला तिरपेपणा कळत नाही. बॅकलॅश बदलायचा तर एका बाजूची शिम जेवढी कमी कराल तेवढी दुसऱ्या बाजूला वाढवावी, म्हणजे बेअरिंगचा ताण तसाच राहतो. कारखान्यातून आलेल्या जाड शिमा ओतीव असतात आणि हातोडीने ठोकल्या तर काचेसारख्या तडकतात, हे मी दोनदा पाहिले आहे.

पिनियनच्या नटाबाबत घाई अजिबात चालत नाही. त्याखालची क्रश स्लीव्ह, म्हणजे चेपून बेअरिंगचा ताण ठरवणारी नळी, दाबायला १४० पाउंड-फुटांहून अधिक जोर लागतो आणि नट बराच वेळ हलतच नाही. पण पिनियनचा सैलपणा संपला की ताण झपाट्याने वाढतो. त्या क्षणापासून नट बोटभरसुद्धा नव्हे, रेषभर फिरवावा आणि दर वेळी पाउंड-इंचाच्या टॉर्क रेंचने पिनियन फिरवून आकडा वाचावा. नव्या बेअरिंगसाठी तो १६ ते २९ पाउंड-इंच हवा. हे मोजताना डिफरन्शियल आणि ॲक्सल आत नसावेत. आकडा पुढे गेला तर नट सैल करून परत कसणे हा उपाय नाही, कारण चेपलेली स्लीव्ह परत उंच होत नाही. नवी स्लीव्ह घालावी. ती अत्यंत स्वस्त असते, आणि तेवढ्यासाठी पिनियनची बेअरिंग जाळून घेणे मनाला पटत नाही.

पिनियनचा कोन आणि आर्मचे बुश

गाडी जॅकवर टांगलेली असताना घेतलेला कोन निरुपयोगी असतो. तो गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच मोजावा. वेग घेताना पिनियनचे नाक वर उचलले जाते, म्हणून रस्त्यावरच्या गाडीत ते प्रोपेलर शाफ्टच्या तुलनेत एक-दोन अंश खाली झुकलेले ठेवतात. हे चुकले की विशिष्ट वेगाला गाडी थरथरते आणि माणूस चाकांचा बॅलन्स पुन्हा पुन्हा करून घेत राहतो. शाफ्ट काढण्याआधी त्याच्यावर आणि पिनियनच्या फ्लँजवर समोरासमोर खूण करावी.

वरच्या दोन आर्मना दोन्ही टोकांना कडक पॉलियुरेथेनचे बुश (जोडात रबराच्या जागी बसणाऱ्या नळ्या) घालणे ही लोकप्रिय पण वाईट सुधारणा आहे. हे आर्म तिरपे असल्यामुळे वळणावर त्यांना पिळ बसतो, आणि तो पिळ रबराच्या लवचिकतेनेच सहन होतो. बुश कडक झाले की मागची बाजू अडखळते आणि पकड अचानक सुटते. खालचे आर्म मजबूत करणे ठीक आहे, मात्र ते बॉडीला जिथे जोडलेले असतात त्या टॉर्क बॉक्सचे पत्रे आधी तपासावेत. ताकदवान गाडीत तिथे वेल्ड फाटलेले सर्रास आढळतात.

पोकळ बोल्ट

माझ्या १९९० च्या गाडीचे हाउसिंग पहिल्यांदा मी एका वर्कशॉपकडून करून घेतले. दोन आठवड्यांत डाव्या ॲक्सलच्या सीलमधून तेल झिरपू लागले. सील बदलले, महिन्याभरात दोन्ही बाजू ओल्या झाल्या आणि ब्रेकच्या लायनरवर तेल पोचले. ॲक्सलवर चर पडली असेल म्हणून मी तो काढून बोटाने चाचपला, पण तो गुळगुळीत होता. शेवटी गाडीखाली आडवा पडून टॉर्चच्या उजेडात पाहताना ब्रेकच्या नळ्यांच्या जोडावरचा बोल्ट नवा चकचकीत दिसला. या गाडीत तो बोल्ट पोकळ असतो आणि हाउसिंगमधली गरम हवा त्यातूनच बाहेर पडते. जुना गंजलेला म्हणून त्या जागी साधा भरीव बोल्ट लावला होता, आणि कोंडलेल्या हवेच्या दाबाने तेलाने सीलमधून वाट काढली होती. सील वारंवार जात असेल, तर सीलला दोष देण्यापूर्वी हा बोल्ट काढून त्यातून फुंकर मारून पाहावी.

मागे डिस्क ब्रेक बसवले असतील तर मास्टर सिलिंडर आणि प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकांत दाब वाटणारा) त्यांना जुळणारे हवेत. मोकळ्या, कोरड्या जागेत हळूहळू वेग वाढवत ब्रेक लावून पाहावेत. मागची चाके पुढच्यांच्या आधी अडकत असतील, तर गाडी रस्त्यावर नेऊ नये. याच टप्प्यावर हेही लक्षात घ्यावे की या हाउसिंगमध्ये ॲक्सल आतल्या टोकाला केवळ सी आकाराच्या क्लिपने धरलेला असतो, त्यामुळे तो तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. क्लिपा अडवून ठेवणाऱ्या पिनचा बोल्ट १५ ते ३० पाउंड-फुटांपलीकडे कसू नये, कारण तो आत तुटला की काढताना जीव मेटाकुटीला येतो.

आवाज ऐकून दोष शोधणे

ॲक्सिलरेटर दाबल्यावरच शिट्टीसारखा आवाज येत असेल, किंवा पाय उचलल्यावरच येत असेल, तर झाकण उघडून दातांवरचा ठसा पुन्हा घ्यावा. पाय दाबला काय, सोडला काय, घरघर सारखीच राहत असेल तर बेअरिंगवर संशय घ्यावा, आणि वळताना ती कमी-जास्त होत असेल तर चाकाकडच्या बेअरिंगवर. पार्किंगमध्ये पूर्ण वळवताना मागून कडकड होत असेल, तर लिमिटेड-स्लिपच्या क्लचप्लेटांसाठीचे फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण जुळवणारे मिश्रण, तेलात घालायचे राहिलेले असण्याची शक्यता मोठी आहे. गिअर टाकताच ठोका बसत असेल, तर बॅकलॅशकडे जाण्यापूर्वी शाफ्टचे क्रॉस आणि आर्मचे बुश पाहावेत.

नव्या क्राउन-पिनियनला पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे शांतपणे चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे, आणि पहिले ५०० मैल जोराने पळवू नये. त्यानंतर तेल बदलताना झाकणाच्या आतला तळ बोटाने पुसून उजेडात पाहावा: राखाडी, मऊ लेप असेल तर दात एकमेकांना बसले आहेत, आणि बोटाला टोचणारे चमकते कण लागले तर नवे तेल ओतण्याआधी हाउसिंग पुन्हा उघडावे.