ग्वाल्हेरच्या थंडीत सायकलचे टायर : या चुका टाळा

ग्वाल्हेरला बर्फ पडत नाही. तरीही डिसेंबर लागला की युरोपातले व्हिडिओ बघितलेला कुणीतरी खिळ्यांचे टायर कुठे मिळतील म्हणून विचारतोच. ते टायर गोठलेल्या रस्त्यासाठी असतात. रबरात बसवलेले टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे बर्फात रुततात, म्हणून पकड मिळते. कोरड्या डांबरावर तेच खिळे नुसते खडखडतात, टायर जड करतात आणि गुळगुळीत फरशीवर उलट घसरवतात. खिळे नसलेले, खास गारठ्यासाठी मऊ रबराचे टायर मिळतात, तेही इथे घेऊ नयेत. जानेवारीत पहाटे पारा पाचाच्या खाली गेला तरी दुपारी बहुधा वीसच्या वर चढतो, आणि मऊ रबर त्या डांबरावर भराभर झिजतं.

आपल्या थंडीचा जाच निराळा आहे : दव, धुकं, गारठ्याने उतरणारी हवा आणि पावसाळ्यानंतर वाळून टणक झालेले काटे. टायर घ्यायचा तो हे डोळ्यांपुढे ठेवून.

खोल नक्षीला भुलणं

दुकानात सर्वांत जास्त फसगत इथे होते. मोटारीच्या टायरला खोल खाचा लागतात, कारण तो रुंद आणि सपाट असतो आणि वेगात पाण्याच्या थरावर चढू शकतो. सायकलचा टायर अरुंद, गोल, बहुधा मोटारीपेक्षा जास्त दाबाचा, आणि वेग तर कितीसा! तो पाणी बाजूला सारून खाली टेकतोच. म्हणून डांबरावरची पकड रबराची प्रत, रुंदी आणि हवा यांवर ठरते. नक्षीचा वाटा फार थोडा. मोठ्या ठोकळ्यांचा एमटीबी (डोंगरी सायकलीचा) टायर चिखलात उत्तम, पण पक्क्या रस्त्यावर ठोकळ्यांचे माथेच तेवढे टेकतात, वळणावर ते वाकतात आणि सायकल लडबडते. दिसायला दणकट म्हणून पोरं तोच मागतात आणि दुकानदारही तोच काढून देतो.

शहरातल्या लष्कर, मुरार या भागांत आणि रविवारी तिघऱ्याच्या धरणापर्यंत, असं फिरणाऱ्याला ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचा, मधोमध जवळजवळ सपाट आणि कडेला हलकी नक्षी असलेला टायर पुरतो. कच्च्या वाटेवर उतरणार असाल तर ४० कडे झुका. मात्र आधी मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चार-पाच मिलिमीटर जागा उरते का ते बघा.

जुन्या गल्ल्यांतली झिजलेली दगडी फरसबंदी, गटारांची लोखंडी झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे यांच्यावर दव बसलं की महागातला टायरही हात टेकतो. तिथे सायकल सरळ ठेवायची आणि वेग त्याआधीच कमी करायचा.

हवेचा हिशेब न ठेवणं

‘ट्यूब हळूहळू बसते, पण पंक्चर सापडत नाही’ ही थंडीतली नेहमीची तक्रार. पाण्यात बुडवली तर एक बुडबुडा निघत नाही. निघणार कसा? दिवाळीच्या सुमारास ३० अंशांना ६० पीएसआय (पंपाच्या काट्यावरचं दाबाचं माप) भरलेली हवा ५ अंशांच्या पहाटे, कुठेही न गळता, ५४ च्या आसपास येते. घरात २० अंशांना भरून बाहेर काढलीत तरी चारेक पीएसआय जातातच. त्यात ट्यूबमधून हवा एरवीही थोडी थोडी झिरपत असते. म्हणून थंडीभर आठवड्यातून एकदा पंप लावा.

याच्या उलट चूक म्हणजे टायरवर छापलेल्या सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंत हवा ठासणं. ती मर्यादा आहे, शिफारस नव्हे. सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या माणसाला ३५ मिलिमीटरच्या टायरमध्ये साधारण ४५ ते ५५ पीएसआय ठीक. पुढच्या चाकात थोडी कमी, कारण निम्म्याहून जास्त भार मागे असतो. दव असेल तर त्यातही थोडी सोडा. पण फार सोडली तर खड्ड्यात ट्यूब रिमच्या कडांमध्ये चेपून शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. तशा दोन चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती.

जुन्या काळ्या सायकलींच्या व्हॉल्व्हला आत बारीक रबरी नळी असते, आपली व्हॉल्व्ह ट्यूब. ती जुनी होऊन चिरली की हवा रोज उतरते. थंडी लागायच्या आधी बदलून घ्या, खर्च नगण्य. शिवाय त्या नळीच्या अडथळ्यामुळे पंपाचा काटा खरा दाब दाखवत नाही. नेमकेपणा हवा असेल तर मोटारीसारख्या व्हॉल्व्हची ट्यूब टाका. रिमचं भोक बहुधा तेच चालतं.

काटा आत ठेवून ट्यूब बदलणं

सराटे पावसाळ्यात रुजतात आणि थंडीत वाळून रस्त्याच्या कडेला पडतात. विलायती बाभूळ तर गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना. तिघऱ्याकडे जाणाऱ्याने काटेरोधक पट्टा असलेला टायरच घ्यावा. थोडा जड असतो, पण रोज ठिगळं लावण्यापेक्षा बरा. टायर चढवताना त्यावरचं नाव व्हॉल्व्हसमोर येईल असा बसवा. मग ट्यूबला भोक जिथे, तिथेच टायरमध्ये काटा शोधता येतो. आतून कापड फिरवा, बोट नको. लागोपाठ एकाच जागी पंक्चर होत असेल तर काट्याचं टोक अजून रबरात आहे. पंक्चर आपोआप बुजावं म्हणून ट्यूबमध्ये भरायचं लॅटेक्सचं द्रव काही महिन्यांत सुकतं. जूनमध्ये भरलेलं जानेवारीत जमेस धरू नका.

‘२६ चा द्या’ म्हणणं

२६×१ ३/८ ची रिम टायर बसतो तिथे ५९० मिलिमीटर व्यासाची, एमटीबीची २६×१.९५ म्हणजे ५५९. दोन्ही ‘२६’, पण एकमेकांवर चढत नाहीत. तसंच जुन्या २८×१ १/२ ची रिम ६३५, तर ७००सी ची ६२२. जुन्या टायरच्या बाजूवर ३७-५९० असा (रुंदी आणि रिमचा व्यास) जोडआकडा असेल तर तोच दुकानात दाखवा.

मेमध्ये गच्चीवर तापलेल्या टायरच्या बाजूंना चिरा पडल्या असतील तर नक्षी शाबूत असली तरी तो काढा. कडक झालेलं रबर ओल्यात धरत नाही.

दोष टायरचा की ब्रेकचा?

किल्ल्याच्या उरवाई दरवाजाकडच्या उतारावरून, जैन मूर्तींच्या बाजूने पहाटे खाली येताना सायकल थांबत नाही, तेव्हा टायरला बोल लावला जातो. चाक फिरत राहून वेग कमी होत नसेल तर दोष ओल्या रिमचा. स्टीलच्या रिमवर दव असलं की ब्रेक जेमतेम धरतो. उताराच्या आधी दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून रिम पुसून घ्या. मागचं चाक जाम होऊन घसरत असेल तर ब्रेक एकदम दाबला जातोय. पुढचं चाक वळणावर सरकलं तर मात्र आधी हवा तपासा, मग रबर.

धुक्यासाठी बाजूवर चमकणारी पट्टी असलेला टायर मिळाला तर घ्या. चौकात आडव्या येणाऱ्या गाडीला तो दिसतो. मागून येणाऱ्या ट्रकला दिसत नाही, त्याच्यासाठी लाल दिवा वेगळा लावावा लागतो.