गवत कापायच्या गाडीचा डेक: नवतप्यात खोला, मृगाआधी बसवा

नागपूरच्या हिंगणा रोडकडच्या आमच्या लेआउटमध्ये दोनेक एकरांचं मैदान आहे आणि ते कापायला बसून चालवायची गाडी आहे, ४२ इंची डेकवाली. अशी गाडी ज्यांच्याकडे असते ते इंजिनाला जपतात. ऑइल बदलतात, प्लग बदलतात, एअर फिल्टर झटकतात. भर पावसाळ्यात गाडी उभी राहते ती मात्र बहुतेक वेळा डेकमुळे. डेक म्हणजे गाडीच्या पोटाखाली टांगलेली पत्र्याची उलटी परात. तिच्यात दोन-तीन पाती फिरतात. ओलं गवत, काळी माती, मुरमाचे खडे, सगळं ती अंगावर घेते. म्हणून मी वर्षातून एकदा डेक पूर्ण खाली उतरवतोच, आणि तेही मे अखेरीस, नवतप्यात. तेव्हा गवत वाढत नाही, गाडीला काम नसतं, आणि डेकला चिकटलेलं सगळं कोरडंठाक असतं. मृगाचा पाऊस पडला की हरळी भराभर वाढते, मग गाडी खोलून ठेवायला कुणाला सवड नसते.

सकाळी सहाला काम सुरू करा. दहानंतर पत्र्याला हात लावता येत नाही.

आधी गाडी मुकी करा

किल्ली काढून खिशात टाका. हँडब्रेक लावा, पाती चालू करायचा खटका बंद आहे का ते बघा आणि स्पार्क प्लगची टोपी ओढून बाजूला करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. ही पायरी गाळून कुणीही डेकखाली हात घालू नये. पातं हातानं फिरवलं की बेल्ट फिरतो, आणि काही गाड्यांमध्ये त्याबरोबर इंजिनही हलतं. जाड हातमोजे घाला. गाडी जॅकवर उचलणार असाल तर खाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय आत जाऊ नका. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही.

डेक उतरवणं

उंचीचा दांडा सगळ्यात खालच्या खाचेत टाका, म्हणजे डेक जमिनीवर टेकेल. आता मोबाइलवर बेल्टचा फोटो काढा, दोन बाजूंनी. बेल्ट कुठल्या पुलीच्या आतून जातो, कुठल्या पुलीवर त्याची पाठ घासते, हे दुसऱ्या दिवशी कुणालाच नीट आठवत नाही. ताण देणारी पुली मागे ओढून बेल्ट इंजिनच्या पुलीवरून सोडवा. पुढची टांगणी आणि दोन्ही बाजूंचे हात पिनांवर अडकवलेले असतात, पिनांच्या क्लिपा काढून ते मोकळे करा. पुढची चाकं एका बाजूला पूर्ण वळवली की डेक शेजारून सरकत बाहेर येतो. पिना आणि क्लिपा एका वाटीत ठेवा.

खरवडणं

काळ्या मातीचा आणि गवताच्या रसाचा थर वाळला की कुडाच्या भिंतीसारखा होतो. त्याच्या आड ओल दडून बसते आणि पत्रा आतून खाते. शिवाय या थरामुळे डेकच्या आतली हवा अडते. पात्यांची मागची वळलेली कड पंख्यासारखी हवा वर ओढते, त्या हवेनं गवत उभं राहतं आणि मग कापलं जातं. पोकळी भरली की हवा फिरत नाही. गवत आडवंच राहतं, कापलेल्याचे गोळे मागे पडत जातात. माणसं मग पात्यांना धार नाही म्हणून तक्रार करतात.

लांबी (पुट्टी) लावायची पट्टी आणि वायर ब्रश पुरतो. गाड्या धुतात तसला जोराचा पाण्याचा फवारा मारू नका, निदान स्पिंडलवर, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या बेअरिंगवाल्या जोडणीवर, तरी अजिबात नको. पाणी रबरी सीलमागे शिरतं, बाहेर येत नाही, आणि दोन महिन्यांत बेअरिंग बोलू लागतं.

पत्रा मोकळा झाला की छोट्या हातोडीनं सगळीकडे ठोकून बघा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. स्पिंडल जिथे बसतात त्याभोवती नीट बघा, तडा तिथेच आधी जातो. तडा असेल तर त्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडून मग वेल्डिंग करावं, नाहीतर तो पुढे सरकत राहतो. भोक पडलं असेल तर २ मिमी पत्र्याचा तुकडा चारही बाजूंनी बोटभर जास्त घेऊन लावा. वेल्डरला सलग ओढू देऊ नका, आलटून पालटून टाके मारायला सांगा, नाहीतर पत्रा वाकतो. वेल्डिंगआधी स्पिंडल काढलेच पाहिजेत. करंट बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात. शेवटी रेड ऑक्साइड आणि वर रंगाचे दोन हात.

स्पिंडल आणि बेअरिंग

डेकचं आयुष्य इथे ठरतं, म्हणून इथे वेळ काढा. पातं धरून वर-खाली आणि बाजूला हलवा. जराही खडखड नको. मग पुली हातानं फिरवा आणि कान लावा. चांगलं बेअरिंग गुपचूप फिरतं, गेलेलं वाळू दळल्यासारखं वाजतं. मागच्या वर्षी आमचे माळीकाका चालू गाडी थांबवून म्हणाले, "भाऊ, डाव्या बाजूनं घरघर येऊन राहिली." मी ते काम पुढच्या रविवारवर ढकललं. शनिवारी बेअरिंगचा पिंजरा फुटला, शाफ्ट तिरपा झाला, बेअरिंग ज्यात बसतं त्या हाउसिंगचं भोक मोठं झालं. दोन बेअरिंगचं काम पूर्ण स्पिंडलवर गेलं. घरघर ऐकू आली की त्या दिवशीच थांबायचं.

स्पिंडल डेकवरून सोडवला की आधी पुली, मग शाफ्ट, मग बेअरिंग निघतं. पुलर वापरा, हातोडीनं शाफ्टच्या आट्यांवर ठोकू नका. दोन बेअरिंगच्या मध्ये एक नळी असते. ती छोटी दिसते म्हणून हरवते, आणि तिच्याविना नट आवळला तर दोन्ही बेअरिंग एकमेकांकडे दाबली जातात आणि लवकर जळतात.

आता बेअरिंगचा नंबर. कडेवर ६२०३ किंवा ६२०४ असं काहीतरी कोरलेलं असतं. तो नंबर घेऊन इतवारीत लोहा ओळीला गेलात तर बेअरिंग मिळेल, पण बाहेरून आलेल्या पुष्कळ गाड्यांचे शाफ्ट इंचातले असतात. साधं ६२०४ आतून २० मिमी असतं आणि बाहेरून ४७. काही डेकमध्ये बाहेरचं माप तेच, पण आतलं पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिमी. ६२०३ चंही तसंच, कधी १७ मिमी, कधी पाच अष्टमांश इंच. मी एकदा नंबर बघून बेअरिंग आणलं. हाउसिंगमध्ये छान बसलं, आणि शाफ्ट त्यात जवळपास एक मिमी ढिला. वर शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घालून भागवायचा मोह होतो, पण मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फिरणाऱ्या वस्तूत असं भागवणं धोक्याचं आहे. जुनं बेअरिंग आणि शाफ्ट दोन्ही सोबत न्या, दुकानात व्हर्नियर मागा, मोजून घ्या. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं घ्या.

बसवताना नागपूरचं ऊन कामाला येतं. बेअरिंग रात्रभर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा आणि ॲल्युमिनियमचं हाउसिंग दुपारी तासभर उन्हात. एक आकसतं, दुसरं फुगतं, आणि बेअरिंग जवळपास हाताच्या दाबानं आत जातं. ठोकायचंच झालं तर हाउसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या रिंगवर आणि शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगवर ठोका. उलट केलं तर धक्का गोळ्यांना बसतो.

ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, असेल तर बेअरिंगच्या आतल्या तोंडाचं सील काढून टाकावं लागतं, नाहीतर ग्रीस गोळ्यांपर्यंत पोचतच नाही. ग्रीस गननं दोन दाब पुरेत. जास्त भरलं तर बाहेरचं सील उलटतं.

हाउसिंग डेकवर आवळताना हात आवरा. पुष्कळ हाउसिंगमध्ये बोल्ट स्वतःच ॲल्युमिनियममध्ये आटे पाडत जातो आणि ते आटे जोर लावला की सुटतात. सुटलेच तर भोक आरपार करून लांब बोल्ट आणि मागून नट लावा.

पाती

काढण्याआधी खालच्या बाजूला रंगाचा ठिपका द्या. उलटं बसलेलं पातं गवत कापत नाही, झोडपतं. वळलेली कड नेहमी वर, डेककडे.

धार जुन्याच कोनात, साधारण ३० अंशांत लावा. वस्तऱ्यासारखी नको, ती पहिल्याच खड्यावर मोडते. ग्राइंडर वापरत असाल तर थांबत थांबत. पातं निळं पडलं की त्याचं पाणी गेलं. मग पातं भिंतीतल्या आडव्या खिळ्यावर मधल्या भोकात अडकवा. जे टोक खाली जाईल त्याच्या मागच्या बाजूनं थोडं घासा, दोन्ही टोकं समतोल राहीपर्यंत. तोल गेलेलं पातं नवं बेअरिंग एका हंगामात खातं.

आमच्याकडच्या धुळीत आणि मुरमात वळलेल्या कडेच्या मुळाशी पातं झिजून बारीक चीर पडते. अशी चीर दिसली की पातं भंगारात. ते वेल्ड करून किंवा वाकलेलं सरळ करून वापरू नका. तुकडा उडाला तर तो गोळीसारखा जातो, आणि मैदानात मुलं असतात.

बसवल्यावर एका टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा, पातं अर्धा फेरा फिरवून त्याच जागी दुसरं टोक मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर पातं वाकलंय किंवा शाफ्ट. पातं बदलून पुन्हा मोजलं की कोण दोषी ते कळतं.

बेल्ट

तडे, सुटलेले दोरे, चकाकणाऱ्या कडा दिसल्या तर बदला. साधा कारखान्यातला व्ही-बेल्ट त्याच मापाचा मिळतो आणि स्वस्तही असतो, पण खटका टाकताना जो घसरा सोसावा लागतो त्यासाठी तो बनलेला नसतो. गवताच्या गाडीचाच, आतून अरामिड दोऱ्याचा बेल्ट घ्या. ताण देणाऱ्या पुल्यांचीही बेअरिंग फिरवून बघा आणि त्या पुल्या ज्या हातावर बसतात त्याच्या खिळ्याला थेंबभर ऑइल द्या. वर झाकण असेल तर ते काढा. आमच्याकडे खारीनं तिथे दोनदा घरटं केलं, कापसासकट.

डेक समतल करणं

डेक चढवल्यावर गाडी सपाट काँक्रीटवर न्या. आम्ही बॅडमिंटन कोर्टवर नेतो. आधी चारही टायरची हवा पुस्तिकेप्रमाणे करा, नाहीतर पुढचं सगळं मोजमाप फुकट. पाती आडवी फिरवून डावं टोक आणि उजवं टोक मोजा. फरक ३ मिमीच्या आत आणा. मग पाती पुढे-मागे अशी उभी करा. पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिमी खाली हवं, म्हणजे गवत पुढच्या बाजूला एकदाच कापलं जातं आणि मागची बाजू त्याच्यावरून मोकळी जाते. मोजायचं पात्याच्या टोकापासून, डेकच्या कडेपासून नाही. कड कधीतरी कशाला तरी धडकून वाकलेली असतेच. डेकची छोटी चाकं जमिनीपासून बोटभर वर ठेवा. त्यांनी डेकचं ओझं वाहायचं नसतं, उंचवटा आला तरच टेकायचं असतं.

पावसाळ्यात

काळी माती ओली असताना गाडी मैदानात नेऊ नका, चाकांचे चर दिवाळीपर्यंत राहतात. अकरानंतर, दव वाळल्यावर कापा. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. हातभर वाढलं असेल तर डेक वर ठेवून एकदा आणि चार दिवसांनी खाली घेऊन पुन्हा. खटका मध्यम वेगात टाका, कापताना मात्र इंजिन पूर्ण वेगात ठेवा, पंख्याला हवा लागते. काम संपलं की डेकखालचं ओलं गवत लाकडी पट्टीनं त्याच संध्याकाळी काढा, अर्थात प्लगची टोपी काढूनच. पोळ्याच्या सुमारास एकदा धार आणि निपलला ग्रीस.

आता डेक बसवल्यानंतरची पहिली चाचणी. बॅटरी, प्लग जोडा, आसपास कुणी नाही हे बघा आणि पाती पाच मिनिटं रिकामी फिरवा. गाडी बंद करून, प्लग काढून प्रत्येक स्पिंडलला हात लावा. कोमट ठीक, पण हात ठेववत नसेल तर बेअरिंग किंवा मधली नळी चुकली आहे, पुन्हा खोला. सगळं ठीक असेल तर तासभर कापा आणि पात्यांचे बोल्ट पुन्हा एकदा पान्यानं आवळून बघा. नवं बसवलेलं पहिल्या तासात थोडं बसतं.