परवान्याचे रिव्हॉल्व्हर किती भरवशाचे? इतरांचे अनुभव कसे पारखावेत

विदर्भातील ग्रामीण भागात परवान्याचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घेऊ पाहणारा माणूस बहुधा एकच चौकशी करतो. तालुक्यात ज्यांच्याकडे ते शस्त्र आहे अशा दोघा-तिघांना विचारतो आणि "एक नंबर आहे भाऊ, कधीच दगा दिला नाही" एवढे उत्तर घेऊन गन हाऊस गाठतो. हे उत्तर खोटे नसते, परंतु ते देणाऱ्याने त्या शस्त्रातून किती गोळ्या झाडल्या, हे त्यातून कळत नाही. अनेकांचे रिव्हॉल्व्हर कपाटात असते. ते दसऱ्याच्या पूजेला, परवान्याच्या नूतनीकरणाला आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा करण्यासाठी तेवढे बाहेर निघते. जे कधी झाडलेच नाही ते बिघडणार तरी कसे? उलट रेंजवर नियमित सराव करणाऱ्याने दोन मिसफायर झाल्याचे, म्हणजे चाप ओढूनही गोळी न फुटल्याचे सांगितले, तर त्याच्या तक्रारीचे मोल कपाटवाल्याच्या स्तुतीहून अधिक मानावे. शिवाय लाखाच्या घरात पैसे मोजून आणि परवान्यासाठी दीर्घकाळ हेलपाटे घालून घेतलेल्या वस्तूला नावे ठेवणे माणसाला जड जाते, हेही लक्षात असू द्यावे.

म्हणून पहिला प्रश्न असा असावा: शेवटची गोळी कधी झाडली आणि आजवर साधारण किती झाडल्या? दुसरा प्रश्न काडतुसाचा. आपल्याकडे 'बत्तीस बोअर' म्हटले की दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होते. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे रिव्हॉल्व्हर .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस घेते, ज्याचे आवरण सुमारे २३ मिलिमीटर लांब असते, तर अशनीसारखे पिस्तूल .३२ एसीपी घेते, ज्याचे आवरण सुमारे १७ मिलिमीटर असते. एकाची तक्रार दुसऱ्याला लागू होत नाही. परदेशातील मालकांचे ९ मिलिमीटर पिस्तुलांविषयीचे अनुभव तर आपल्या उपयोगाचेच नाहीत, कारण तो बोअर सामान्य परवानाधारकाला येथे प्रतिबंधित आहे. मॉडेलचे वयही विचारात घ्यावे. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीचे निर्भीक हे रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आले आणि कानपूरचेच प्रबळ २०२३ मध्ये. प्रबळविषयी कोणी "वर्षानुवर्षे चालते" असे सांगू लागला, तर तो बहुधा जुन्या मॉडेलविषयी बोलत असतो. आपल्या भागात अंबाझरी, भंडारा आणि भद्रावतीजवळचा चांदा असे आयुध कारखाने असल्यामुळे दुरुस्तीची सोयही जवळच असेल, अशी काहींची समजूत असते. तेथे ही शस्त्रे तयार होत नाहीत.

तक्रार ऐकताना दोष शस्त्राचा, काडतुसाचा की निगेचा, हे वेगळे काढणे हे खरे काम आहे. "गोळी फुटली नाही" असे कोणी सांगितले तर पुढे विचारावे की तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला फुटले का. फुटले असेल, तर ठोका कमजोर असल्याचा किंवा काडतुसाची टोपी (पिनचा ठोका बसून पेटणारा मागचा भाग) नीट बसलेली नसल्याचा संशय घ्यावा. दुसऱ्यांदाही फुटले नसेल आणि टोपीवर पिनचा खोल ठसा असेल, तर काडतूस खराब असण्याची शक्यता अधिक. घोडा हाताने चढवून झाडले होते की नुसता चाप ओढून, हेही विचारावे, कारण काही रिव्हॉल्व्हरांत चाप ओढताना घोड्याचा प्रवास थोडा कमी पडून ठोका हलका बसतो. प्रत्येक वेळी सिलिंडरच्या एकाच घरात (काडतूस बसते त्या खोबणीत) मिसफायर होत असेल, तर सिलिंडरच तपासावा लागतो. पिस्तूल अडकत असेल, तर एकाच मॅगझीनमध्ये अडकते का, हे आधी पाहावे. मॅगझीनचे ओठ वाकलेले असले की चांगले पिस्तूलही बदनाम होते.

काडतुसे कोठे आणि किती काळ ठेवली होती, हा प्रश्न विदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. गडचिरोली-गोंदियाच्या धानपट्ट्यात पावसाळाभर चामड्याच्या पट्ट्यात अडकवलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवट थर चढतो. चामड्याच्या केसमध्ये महिनोन्महिने ठेवलेले शस्त्रही ओल धरते. यवतमाळ-अकोल्याकडे अडचण उलटी आहे: मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि भरपूर तेल दिले म्हणजे निगा झाली असे मानणाऱ्याच्या शस्त्रात त्या तेलावर काळ्या मातीची धूळ बसून लगदा होतो. हेच तेल काडतुसाच्या टोपीत झिरपले की काडतूस निकामी होऊ शकते, त्यामुळे काडतुसांना तेल कधीही लावू नये. दसऱ्याची पूजा अवश्य करावी, मात्र हळद-कुंकू आणि पाणी शस्त्रावर नव्हे, त्याच्या केसवर वाहावे. घोड्याच्या फटीत गेलेले कुंकू मग वर्षभर तेथेच राहते.

एवढी चौकशी झाल्यावर दुकानात शस्त्र स्वतः पाहावे. प्रथम ते रिकामे आहे याची विक्रेत्यासमोर दोनदा खात्री करावी आणि कोरडा (काडतुसाविना) चाप ओढण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी. घोडा सावकाश चढवत सहाही घरे तपासावीत. प्रत्येक घर नळीसमोर येऊन सिलिंडर घट्ट थांबला पाहिजे. मधोमध मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरात बिजागरी आणि वरची कडी यांत ढिलाई आहे का, हे जरूर पाहावे. ऐटीत एका हाताच्या झटक्याने ते मिटवण्याची सवय असलेल्या मालकाचे जुने शस्त्र येथेच झिजलेले सापडते. नळीत उजेड टाकून पाहताना आत गोल कडे किंवा फुगवटा दिसला, तर ते शस्त्र परत करावे. शस्त्रावरील क्रमांक कागदपत्रांशी जुळवावा.

चाचणी अधिकृत रेंजवरच घ्यावी, बांधावर किंवा वरातीत नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, इतरांच्या जिवाला धोका होईल अशा हर्षगोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जी काडतुसे पुढे वापरायची आहेत त्याच प्रकारच्या काडतुसांनी चाचणी करावी आणि प्रत्येक घराचा निकाल वहीत लिहावा. गोळी फुटली नाही तर नळी सुरक्षित दिशेलाच धरून किमान ३० सेकंद थांबावे, कारण कधी कधी काडतूस उशिरा पेटते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर लगेच थांबावे, शस्त्र रिकामे करावे आणि गोळी नळीत अडकली आहे का ते पाहावे; तशा नळीत दुसरी गोळी झाडली तर नळी फुटू शकते.

शेतातील रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी रिव्हॉल्व्हर घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो सोडून द्यावा. एवढ्या हलक्या काडतुसाने ते काम होत नाही, आणि वन्यप्राण्यांना मारण्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली परवानगी लागते, ती शस्त्रपरवान्यात येत नाही.

दोष आढळलाच, तर गावातल्या लोहाराकडून स्प्रिंग बदलून घेण्याचा मोह टाळावा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र नेताना न फुटलेल्या काडतुसांविषयी आधी त्याला विचारून घ्यावे, त्याने सांगितल्याप्रमाणेच ती न्यावीत आणि त्यांच्या खोक्यावरचा लॉट क्रमांक व वहीतील नोंद सोबत ठेवावी, म्हणजे तपासणाऱ्याला टोपीवरचा ठसा प्रत्यक्ष पाहता येईल.